इंजिनाचं डोकं ठिकाणावर आहे का?

‘परफॉर्मन्स कॅम टाकला तर किती बीएचपी वाढेल?’

या कॉलमच्या नावानं येणाऱ्या मेल्समध्ये सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘मायलेज किती देते?’चा नंबर दुसरा! विचारणारा साधारण तेविशी ते तिशीतला. पहिली नाहीतर दुसरी नोकरी, नुकतंच झालेलं अप्रायझल आणि पार्किंगमध्ये दीडशे-दोनशे सीसीची एक बाइक, जिच्यावर त्याचा जीव आहे. (हो, विचारणाऱ्या मुलीही आहेत. गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या ‘मॅडम, स्कूटी कुठंय?’ हे ऐकून घेणाऱ्या, माझ्यासारख्याच.)

प्रश्न साधा वाटतो ना? पण दोस्तहो, ‘दहा नंबरचे बूट घेतले तर मी किती जोरात पळेन?’ असं विचारण्यासारखं आहे ते. पाय किती नंबरचा, पळायचं कुठं, शंभर मीटर की सिंहगड, हे कुणी सांगायचं? कॅम एकटा काहीच करत नाही. तो हेडशी जुळला तर जादू, नाही जुळला तर नुसता आवाज. आणि आवाजाचे पैसे मोजणारी जनता आपल्या आजूबाजूला भरपूर आहे. म्हणून म्हटलं, या वेळी एकदा हा फंडा क्लिअर करूनच टाकू.

डोकं आणि दरवान

इंजिनाच्या वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू राहतात. पहिला सिलिंडर हेड, म्हणजे डोकं. हवा आत यायचा आणि धूर बाहेर जायचा रस्ता त्यात असतो, त्याला म्हणतात पोर्ट. रस्त्याच्या तोंडाशी व्हॉल्व्ह, म्हणजे दार. आणि पिस्टनच्या माथ्यावरची छोटीशी खोली, जिथं पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं, ती कम्बशन चेंबर. दुसरा भाडेकरू कॅमशाफ्ट. हा दरवान. दार कधी उघडायचं, किती उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, हे सगळं हा ठरवतो. दिसायला एक दांडा, त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे. त्या उंचवट्यांना लोब म्हणतात. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो.

कॉलेजच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पिस्टन खाली जाताना इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि पिस्टन तळाला पोचला की बंद होतो. प्रत्यक्षात दरवान जरा उशिरापर्यंत दार उघडं ठेवतो. पिस्टन तळ गाठून परत वर निघाला, तरी दार उघडंच! का? तर दादरला सकाळची फास्ट लोकल आठवा. डबा भरलाय असं तुम्हाला वाटतं, पण प्लॅटफॉर्मवरून येणारा लोंढा थांबत नाही. मागच्याच्या रेट्यानं पुढचे चार जण आत जातातच. हवेलाही वजन असतं. वेगानं धावत आलेली हवा एकदम थांबत नाही, आपल्याच रेट्यानं सिलिंडरमध्ये घुसत राहते. वरच्या आरपीएमला दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर फुकटात जास्त हवा आत येते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त पॉवर.

आता तीच लोकल दुपारी अडीचची घ्या. प्लॅटफॉर्मवर लोंढा नाही, रेटा नाही. दार उगाच उघडं ठेवलं तर काय होईल? आत बसलेलेच उतरून जातील! खालच्या आरपीएमला अगदी हेच होतं. पिस्टन वर येतो आणि नुकतीच आत आलेली हवा उघड्या दारातून परत ढकलतो. सिलिंडर अर्धवट भरतो, टॉर्क पडतो, बाइक सिग्नलला मरगळते.

शिवाय आणखी एक भानगड. एक्झॉस्टचं दार बंद व्हायच्या आधीच इनटेकचं दार उघडायला लागतं. दोन्ही दारं एकदम उघडी असण्याच्या या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. वेगात असताना बाहेर जाणारा धूर नव्या हवेला हात धरून आत ओढतो. आयडलवर मात्र तोच धूर आत घुटमळतो, आणि बाइक ढक्‌-ढक्‌-ढुक करत लंगडत उभी राहते. काही जणांना तो आवाज जाम सेक्सी वाटतो. वाटू दे बापडा. पण तो ताकदीचा आवाज नाही, ठसक्याचा आहे.

मिनिटाला एक टाकी

आता आकडे. घाबरू नका, दहावीचं गणित आहे.

दोनशे सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन दहा हजार आरपीएमला फिरतंय. फोर-स्ट्रोक म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास. मिनिटाला ५,००० श्वास, प्रत्येक ०.२ लिटरचा. किती झाले? १,००० लिटर! तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरची ती हजार लिटरची काळी टाकी आहे ना, तेवढी हवा हे एवढंसं इंजिन एका मिनिटात पिऊ शकतं. तेच इंजिन तीन हजारांवर फिरलं तर लागते ३०० लिटर.

इथंच हेडचा खरा पेच आहे. पोर्ट हजार लिटरच्या हिशेबानं मोठा केला, तर तीनशे लिटरला त्याच रस्त्यातून हवा रेंगाळत जाते. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते आणि सोडला की पायाशी पडते, तसं. हवा रेंगाळली की रेटा गेला, पेट्रोलही नीट मिसळत नाही. आणि पोर्ट तीनशेच्या हिशेबानं ठेवला, तर वर गळा आवळल्यासारखं होतं. म्हणजे हेडचीही आवडती आरपीएम असते आणि कॅमचीही. जोडी जमवायची म्हणजे दोघांची आवड एक आहे का, एवढंच बघायचं. पत्रिका जुळवण्यापेक्षा सोपं आहे!

दार किती उघडायचं, याचाही हिशेब आहे. समजा इनटेक व्हॉल्व्हचं तोंड २८ मिलिमीटरचं आहे. तो ७ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या पाव भाग उचलला गेला, की त्याच्या कडेनं मोकळी झालेली जागा व्हॉल्व्हच्या तोंडाच्या क्षेत्रफळाएवढी होते. गणित करून बघा, दोन्हीकडे सुमारे ६१६ चौरस मिलिमीटर येतात. त्यापुढे आणखी उचलला तर थोडाफार फायदा होतो, पण आता अडथळा दाराचा नसतो, रस्त्याचा असतो. पोर्ट तसाच ठेवून ‘हाय लिफ्ट’ कॅम टाकणं म्हणजे अरुंद बोळाला किल्ल्याचा दरवाजा बसवणं. म्हणूनच खरे ट्यूनर हेड आधी फ्लो बेंचवर लावतात. व्हॉल्व्ह मिलिमीटर-मिलिमीटरनं उघडत प्रत्येक टप्प्याला किती हवा जाते ते मोजतात, आणि मग ठरवतात कॅम कुठला. आधी डोकं, मग दरवान!

आमच्या बाबांच्या पिढीला हे सगळं ऐकून हसू येतं, कारण त्यांची आरएक्स १००. १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली ती ९८ सीसीची यामाहा टू-स्ट्रोक होती. तिला कॅमच नव्हता. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं हेच पोर्ट, पिस्टन हाच दरवान. भोकं थोडी घासली की टायमिंगही बदललं आणि रस्ताही रुंद झाला, एका दगडात दोन पक्षी. गल्लोगल्लीच्या गॅरेजमध्ये ‘पोर्टिंग’ हा शब्द तिथूनच रुजला. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र रस्ता आणि दरवान वेगळे झाले. घासायची सवय तीच राहिली!

एक धड, दोन डोकी

थिअरी पुरे, आता एक अस्सल पुणेरी उदाहरण. २०१२ साली दोन बाइक्स आल्या आणि कॉलेजच्या कट्ट्यांवर भांडणं लागली. केटीएमची ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर २०० एनएस. दोघींचंही गोत्र चाकणचं. २००७ मध्ये बजाजनं केटीएममध्ये भागीदारी घेतली, त्याचीच ही फळं.

आता गंमत बघा. दोघींचा बोअर ७२ मिलिमीटर, दोघींचा स्ट्रोक ४९ मिलिमीटर. दोघी १९९.५ सीसी, दोघी लिक्विड कूल्ड, दोघींना चार व्हॉल्व्ह. पण डोकी वेगळी. ड्यूकच्या डोक्यात दोन कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह दाबायला हलके फिंगर फॉलोअर, एक स्पार्क प्लग आणि फ्युएल इंजेक्शन. एनएसच्या डोक्यात एकच कॅमशाफ्ट, रॉकर, तीन स्पार्क प्लग आणि त्या वेळी साधा कार्ब्युरेटर. हेड आणि कॅम बदलला तर काय होतं, याचा एवढा सुंदर प्रयोग आपल्या दारात झाला, आणि आपण ‘कुठली भारी’ यावर भांडत बसलो.

रिझल्ट काय? ड्यूक : २५ पीएस, १०,००० आरपीएमला. एनएस : २३.५ पीएस, ९,५०० आरपीएमला. टॉप टॉर्क ड्यूकचा १९.२ न्यूटन-मीटर, एनएसचा १८.३, दोन्ही ८,००० आरपीएमला.

आता एक फॉर्म्युला लिहून घ्या. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, म्हणजे पीएस. उलटा वापरा. ड्यूक टॉप पॉवरला असताना तिचा टॉर्क निघतो साधारण १७.६. एनएस टॉप पॉवरला असताना १७.४. दिसलं का? दोघींचा धक्का जवळपास सारखाच! ड्यूकच्या डोक्यानं आणि दोन कॅमनी केलं काय, तर तोच धक्का ५०० आरपीएम पुढं नेला. दीड पीएसचा बहुतेक हिशेब त्या ५००मध्येच आहे. पॉवर हवेतून येत नाही. टॉर्क वरच्या आरपीएमपर्यंत टिकवला की ती मिळते. आणि टिकवायचा तर व्हॉल्व्हवरची यंत्रणा हलकी हवी, स्प्रिंग ताठ हवी, नाहीतर दरवान ‘बंद कर’ म्हणतो आणि दार हवेतच तरंगत राहतं. याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात, आणि तरंगणारा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची भेट झाली की पुढचा खर्च मी इथं लिहीत नाही. तुमचा वीकेंड खराब होईल.

कंपनीनं अख्खं हेड नवं डिझाइन केलं, दोन कॅम दिले, इंजेक्शन दिलं, आणि एनएसपेक्षा मिळाले दीड पीएस. ‘नुसता कॅम टाका, पाच वाढतील’ असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा हा आकडा आठवावा.

शहराचा कॅम वेगळा

कॅम म्हणजे फक्त रेसिंग, हाही एक गैरसमज. होंडा सिटीची जुनी १.५ व्हीटेक आठवते? १०६ बीएचपी, तीही ६,८०० आरपीएमला. आजही तिचे फॅन्स हळवे होतात. २००३ मध्ये तिच्या जागी नवी सिटी आली. इंजिन दीड लिटरचंच, पण आय-डीएसआय. आठ व्हॉल्व्ह, सिलिंडरला दोन प्लग आणि ७७ बीएचपी! फॅन्सनी कपाळाला हात लावला. पण त्या इंजिनाचा टॉप टॉर्क २,७०० आरपीएमला मिळायचा. म्हणजे अंधेरी ते बीकेसी या अंतरात जिथं सुई खरंच असते, तिथं. ते हेड आणि तो कॅम ट्रॅफिकसाठी एकमेकांशी जुळवलेले होते. कमी बीएचपी म्हणजे कमी अक्कल नव्हे, मंडळी.

दोन्ही हवं असेल तर? तर दरवान दोन ठेवायचे. होंडानं १९८९ मध्ये इंटेग्रात व्हीटेक आणलं ते हेच. खाली सौम्य लोब, वर तिखट लोब. १६०० सीसीच्या आतल्या इंजिनातून १६० पीएस. आपल्याकडे २०१८ मध्ये यामाहानं आर१५च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच कल्पना १५५ सीसीच्या बाइकमध्ये बसवली. ७,४०० आरपीएमला इनटेकचा कॅम बदलतो. खाली ऑफिसची बाइक, वर ट्रॅकची. कंपन्यांना ही एवढी यातायात करावी लागते, याचा सरळ अर्थ असा की एकाच साध्या लोबमध्ये दोन्ही बसत नाही. कुणाच्याच नाही. तुमच्या आवडत्या गॅरेजवाल्याच्याही नाही.

काका आणि कानस

आता घरातली गोष्ट. माझा मावसभाऊ हिंजवडीत एका आयटी कंपनीत. सेकंडहँड पल्सर एनएस घेतलेली, आणि ऑफिसातला एक मित्र ड्यूकवाला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एका गॅरेजवाल्यानं ‘स्टेज टू’ असं भारदस्त नाव देऊन हेड पोर्टिंग आणि परफॉर्मन्स कॅमचं पॅकेज सांगितलं, चाळीस हजार. साहेबांनी टोकन म्हणून पाच हजार देऊन कॅम घरी आणलासुद्धा. मला फोन, ‘ताई, तू यातलं लिहितेस, एकदा बघून जा ना.’

मी गेले. हॉलमध्ये टीपॉयवर पेपर पसरून त्यावर तो कॅम ठेवलेला, देव्हाऱ्यात ठेवावा तसा. शेजारी काका टीव्ही बघत बसलेले. काका म्हणजे त्याचे बाबा. तीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग मशीनवर गेली त्यांची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम. आणि मुलानं त्यांना या कॅमबद्दल एक अक्षर विचारलेलं नव्हतं. मुद्दाम नाही हो. आपण नाहीच विचारत. ‘बाबांचं ते जुनं काम’ असं आपल्या डोक्यात कुठंतरी पक्कं बसलेलं असतं.

मीच म्हटलं, ‘काका, बघता का जरा?’

‘माझं काय काम त्यात?’ म्हणाले. पण टीव्हीचा आवाज बंद केला. आतून मायक्रोमीटर आणला, त्याची लाकडी पेटी फडक्यानं पुसली. भावाला म्हणाले, ‘बाइकचा जुना कॅम कुठंय?’ एक घासलेला जुना कॅम गॅरेजवाल्यानं तुलनेसाठी दिला होता. काकांनी दोन्ही कॅमच्या लोबची पूर्ण उंची मोजली. मग गोल पाठीचा व्यास मोजला. उंचीतून व्यास वजा केला की लोब किती उचलतो ते कळतं. वहीच्या पानावर चार आकडे, दोन वजाबाक्या.

‘टोकाला काहीच वाढवलेलं नाही,’ काका म्हणाले. ‘जुनाच कॅम आहे. पाठ तासून पाठ बारीक केली, म्हणून फरक वाढलेला दिसतो.’

हे तंत्र खोटं नाही बरं का. याला रीग्राइंड म्हणतात आणि जगभर करतात. पाठ बारीक झाली की लिफ्ट वाढते. पण मग रॉकर खाली बसतो, टॅपेटचा स्क्रू पार शेवटापर्यंत फिरवावा लागतो, रॉकरचा कोन बदलतो. आणि मुख्य म्हणजे लोबचा वरचा कडक थर, हार्डनिंगचा, तासताना निघून जाऊ शकतो. काकांनी पेटीतून एक बारीक कानस काढली आणि लोबच्या कडेवर हलकेच टेकवून ओढली. ‘कडक असेल तर ही घसरते,’ म्हणाले. ती घसरली नाही. तिनं धातू धरला. कडेला एक चकचकीत ओरखडा उठला.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मावशी चहा घेऊन आली आणि आमचे चेहरे बघून म्हणाली, ‘कुणाचं काय झालं?’

भावानं जरा वेळानं विचारलं, ‘बाबा, तुम्हाला कॅम ग्राइंड करता येतो?’

‘हजारो केलेत,’ काका म्हणाले. ‘ट्रॅक्टरचे.’

पुढं काय केलं? कॅम परत गेला, पाच हजारांतले तीन परत आले. बाइकचं हेड मात्र खोललं, कारण काकांना आणखी एक शंका होती. हेड उलटं ठेवून पोर्टमध्ये थोडं डिझेल ओतलं. (पूर्वी रॉकेल ओतायचे, आता रॉकेल कुठंय?) दोन मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेनं थेंब झिरपायला लागले. म्हणजे दारं नीट बंदच होत नव्हती! दर फेरीला थोडं कॉम्प्रेशन तिथून पळत होतं. दोघांनी मिळून गॅलरीत बसून व्हॉल्व्ह लॅपिंग पेस्टनं सीटवर घोळवले, नवे ऑइल सील, नवं गॅस्केट, टॅपेट सेटिंग. सगळा खर्च पाच हजारांच्या आत. बाइक ड्यूक झाली नाही. पण भाऊ म्हणाला, ‘ताई, ही तर माझीच बाइक, नवी असताना असेल तशी.’ त्याला जी पॉवर बाजारातून आणायची होती, ती आधीच त्याची होती, गळत होती एवढंच. आणि हो, त्या पेटीतला मायक्रोमीटर आता हॉलमधल्या शोकेसमध्ये असतो. तो तिथं काकांनी नाही ठेवला, भावानं ठेवलाय.

करायचंच असेल तर...

तरीही काही जण करणारच, मला माहीत आहे. ट्रॅकवर पळवायला वेगळी बाइक ठेवली असेल तर जरूर करा, त्यातली मजा औरच. फक्त गॅरेजच्या पायरीवर हे पाच प्रश्न विचारा.

एक : कॅमची लिफ्ट आणि ड्युरेशन किती, आणि ड्युरेशन किती लिफ्टला मोजलंय? १ मिलिमीटरला मोजलेले अंश आणि व्हॉल्व्ह हलल्याबरोबर मोजलेले अंश यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नुसतं ‘२८० डिग्री’ म्हणजे नुसतं ‘फ्लॅट मोठा आहे’.

दोन : माझं हेड किती लिफ्टपर्यंत हवा देतं? ‘चेक नाही केलं’ असं उत्तर आलं तर हेल्मेट घाला आणि निघा.

तीन : नव्या लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये जागा उरते का? वेटोळी एकमेकांना टेकली की काहीतरी तुटणार, प्रश्न फक्त कधी याचा.

चार : व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये अंतर किती? यासाठी लहान मुलांची प्लॅस्टिसिन लागते, बस्स. पिस्टनवर थापायची, इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवायचं, हेड काढून दबलेला थर कापून मोजायचा. कॉम्प्रेशन वाढवायला हेड तासलं असेल तर हे दुप्पट गरजेचं, कारण हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. वर चेन ढिली पडून कॅमचं टायमिंगही थोडं उशिरावर सरकतं, तेही परत लावून घ्यावं लागतं. शिवाय कॉम्प्रेशन किती वाढवायचं यालाही लगाम हवा. आपल्या पंपावरच्या पेट्रोलचा ऑक्टेन बघूनच ते ठरवायचं.

पाच : कामाच्या आधी आणि नंतर, एकाच डायनोवर, ग्राफ मिळेल का? आणि ग्राफ बघताना वरचं टोक नका बघू. दोन रेषा एकमेकींना कुठं छेदतात ते बघा. त्या आरपीएमच्या खाली तुम्ही पैसे देऊन ताकद विकलेली आहे.

आणि एक कोरडी पण महत्त्वाची गोष्ट. रस्त्यावर चालवायच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या कक्षेत येतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यांनी इंजिन उघडलं तर पुढचं बोलणं फार गोड नसतं.

यातलं काहीच जमत नसेल तर एक साधं, फुकटातलं होमवर्क सांगते. पुढचे सात दिवस ऑफिसला जाता-येता टॅकोमीटरकडे लक्ष ठेवा (सिग्नलला आणि मोकळ्या रस्त्यावर, ट्रकच्या मागे नव्हे!). सुई सगळ्यात जास्त वेळ कुठं असते ते घरी येऊन लिहून ठेवा. आठवड्याच्या शेवटी बहुतेकांच्या कागदावर तीन, चार, फार तर पाच हजार असेल. कंपनीतल्या कुणीतरी तुमच्या बाइकचं डोकं आणि दरवान निवडताना त्या सुईचाही विचार केलेला असतो. कागद फ्रिजवर चिकटवा. आणि मग चाळीस हजारांचं काय करायचं ते शांतपणे ठरवा. गोव्याची ट्रिप, चांगलं हेल्मेट आणि दोन नवे टायर एवढं सगळं त्यात बसतं, मी हिशेब करून बघितलाय!